बारा महिन्यांत फेडायची देणी

१२ फेब्रुवारी २०१८, सोमवार

तोगुझ-उयाची फाइल माझ्याच टेबलावर यायची होती! बँकेच्या कर्ज विभागात आम्ही चौघं आहोत. उरलेल्या तिघांपैकी कुणाकडेही गेली असती तर काय बिघडलं असतं?

आमच्या विभागप्रमुख वेनेरा सादिरोव्नांनी फाइल ठेवली आणि नेहमीसारखं उभ्या-उभ्याच सांगितलं, "सैकाल, ही बिल्डर कंपनी नऊ कोटी सोमचं कर्ज मागतेय. मला त्यांची पाच वर्षांची अल्पमुदतीची देणी काढून दे. तिमाहीवार. कुठे वाढली, कुठे घटली आणि का. 'का' विसरू नकोस."

तेव्हाच सांगायला हवं होतं की माझ्या सख्ख्या बहिणीचं घर या कंपनीत बुक आहे, मला हे काम देऊ नका. नियमच आहे तसा. तोंड उघडलंही मी— आणि "कधीपर्यंत?" एवढंच विचारून मिटलं.

जाझगुल सहा वर्षं मॉस्कोत आहे. एका खानावळीत भांडी घासते, पहाटे कुठल्याशा ऑफिसच्या फरश्या पुसते. चार वर्षं हप्ते भरतेय. दुसरा जिना, सातवा मजला, दोन खोल्या, क्रमांक बासष्ट. कंपनी कुणी सुचवली? मी! "माझ्या बँकेतल्या बहिणीनं निवडलीय," असं ती तिथे सगळ्यांना अभिमानानं सांगत असते.

१३ फेब्रुवारी

सांगितलं नाही. उद्या सांगेन.

१४ फेब्रुवारी

नाही सांगितलं. आता सांगितलं तर विचारतील— सोमवारी काय दातखीळ बसली होती?

१९ फेब्रुवारी

तक्ता मांडायला घेतला. 'अल्पमुदतीची देणी' म्हणजे येत्या बारा महिन्यांत ज्यांची त्यांना चुकती करायची ती. इथे मुख्य दोनच. एक, पुरवठादारांचे पैसे— सिमेंटवाले, लिफ्टवाले, सळईवाले. दुसरं, घर घेणाऱ्यांकडून आधीच उचललेले पैसे. लोकांनी पैसे दिले, घर अजून दिलेलं नाही, म्हणून ते कंपनीच्या डोक्यावरचं देणंच.

हे दुसरं देणं २०१४ अखेर चार कोटी. पंधराला नऊ. सोळाला पंधरा. सतराला चोवीस!

आणि दर वर्षी ते 'बारा महिन्यांत' याच रकान्यात. म्हणजे माझ्या जाझगुलचं घर कंपनी चार वर्षं सलग 'येत्या बारा महिन्यांत' देतेय. कागदावर कुणाला काही वाटत नाही. रकाना बरोबर, बेरीज बरोबर, सही बरोबर.

घरी आले तर एने— माझ्या सासूबाई— चूल अडवून बसलेल्या. "पोरी, बँकेत कोळशाच्या खाणीत काम देतात का गं? तोंड बघ." शहरभर धूर, त्यात तोंड काळं पडलं तर माझा काय दोष!

मैरामबेकनं जेवताना मधेच विचारलं, "सैकाल, तुला स्वयंपाकघरात ऊन सकाळचं आवडतं की संध्याकाळचं?"

"या स्वयंपाकघरात ऊन कुठे येतं? एने येतात फक्त," मी हळूच म्हटलं. तो इतका हसला की नान घशात अडकला. पण मग पुन्हा विचारलंच. म्हटलं, सकाळचं. नवरा चाळिशीला आल्यावर असले प्रश्न विचारायला लागतो की काय कोण जाणे.

२६ फेब्रुवारी

गोम सापडली. सापडायला नको होती.

पुरवठादारांचं देणं दर सप्टेंबरला पाच कोटींच्या आसपास असतं आणि डिसेंबरला एकदम दोनवर येतं. पंधरा, सोळा, सतरा— तिन्ही वर्षं. वरवर बघणारा म्हणेल, वा, काय सचोटीची कंपनी आहे, वर्षाअखेर तीन कोटी चुकते करते! मीसुद्धा २०१६ साली पंधराचा तोच आकडा बघून जाझगुलला म्हणाले होते, "निर्धास्त राहा, ही माणसं देणी फेडतात."

आज पहिल्यांदा बँक खात्याचा उतारा शेजारी ठेवून पाहिला. गेल्या डिसेंबरात त्यांच्या खात्यातून तीस लाखही बाहेर गेलेले नाहीत. मग तीन कोटी फिटले कशानं?

तेव्हा का नाही पाहिला उतारा?

८ मार्च

महिला दिन. ऑफिसात कालच ट्यूलिप, केक, पुरुष सहकाऱ्यांची तीच ती भाषणं. आज दुपारी शाळेतल्या मैत्रिणींची भिशी दामिराकडे. यंदाची रक्कम तिला लागली. तिनं सगळ्यांसमोर नोटा मोजल्या आणि म्हणाली, "मीही आता तोगुझ-उयात घर बघते. सैकालची बहीण आहेच तिथे, म्हणजे डोळे मिटून जावं!"

मी मांतीचा घास परत ताटात ठेवला. बोलले तर बँकेचं गुपित फुटतं, नोकरी जाते. नाही बोलले तर दामिरा जाते. शेवटी म्हणाले, "उन्हाळ्यापर्यंत थांब, भाव उतरतील." ती म्हणे, "तू म्हणतेस तर थांबते." माझ्या शब्दाला अजून एवढी किंमत आहे याचीच भीती वाटली.

मैरामबेकनं मिमोझाची फुलं आणली. टॅक्सीनं आला. जुनी गाडी विकली म्हणे, कारखान्याला कच्चा माल घ्यायचाय. तोकमोकच्या कुठल्याशा शाळेला खिडक्या बसवतोय दोन वर्षं, सरकारी काम, पैसे रखडलेत. मधून मधून शेजारपाजाऱ्यांच्या बाल्कन्या काचबंद करून देतो, त्यावर घर चालतं. मी चिडले— मला न विचारता गाडी विकली! मग फुलांकडे पाहिलं आणि ती पाण्यात ठेवली.

१५ मार्च

आज तोगुझ-उयाच्या मुख्य हिशेबनीस आल्या, राकिया एजे, म्हणजे राकियाताई. साठीच्या, डोक्याला रुमाल, हातात घरी तळलेल्या बोरसोकची पिशवी. ताळेबंद पाठ आहे बाईंना. मी सरळ विचारलं, डिसेंबरात पुरवठादारांचे पैसे कशातून दिले?

"घरांतून दिले, दुसरं कशातून देणार?" त्या म्हणाल्या. "रोख आहे कुणाकडे या शहरात? सिमेंटवाल्याला घराचा कागद, लिफ्टवाल्याला घराचा कागद. सगळेच तसं करतात गं. तू काय चंद्रावरून आलीस?"

चंद्रावरून नाही आले. माहीत आहे मला. मालाच्या बदल्यात घर, त्याला 'तडजोड-करार' म्हणतात. यंदा नव्या वर्षाच्या जेवणात मैरामबेकच्या मावसभावाला मी यावरूनच झापलं होतं. त्यानं विटांच्या बदल्यात असाच कागद घेतलाय. सगळ्यांसमोर म्हणाले, "घाम गाळून माल द्यायचा आणि हवेतलं घर घ्यायचं— असा माणूस म्हणजे शुद्ध गाढव!" सगळे हसले. मैरामबेक मान खाली घालून नान मोडत होता. भावाची बाजू घ्यायची होती बहुतेक.

राकिया एजे गेल्यावर त्यांच्या नोंदीतल्या क्रमांकांवरून मोजणी केली. इमारतीत घरं एकशेआठ. विकत घेणाऱ्यांचे करार शहाण्णव. तडजोडीचे कागद पस्तीस. एकूण एकशेएकतीस.

पुन्हा मोजलं. एकशेएकतीस. तेवीस घरं दोन-दोनदा दिलेली आहेत.

२१ मार्च

नूरूझ, वसंताचा सण. सगळं घर सुमोलोकची, गव्हाच्या खिरीची, कढई ढवळायला गेलं. मी डोकं दुखतंय म्हणून घरी. खरंच दुखतंय.

२७ मार्च

बांधकामावर गेले. बँकेतर्फे पाहणी, म्हणजे जायचंच होतं. नवव्या मजल्यापर्यंत भिंती झाल्यात, लिफ्ट नाही, पाणी नाही, कामगार चार. बाकीचे? "पगार मिळाला की येतील," असं पहारेकरी म्हणाला.

सातव्या मजल्यावर पायी चढले. बासष्ट. दार नाही अजून. स्वयंपाकघरात सकाळचं ऊन पार भिंतीपर्यंत आलेलं. दक्षिणेला डोंगर, अजून बर्फ. जाझगुलला हे सगळं एकदा तरी दाखवायला हवं. चार वर्षं पैसे भरले, तिनं ही जागा फक्त चित्रात पाहिलीय.

खिडक्या मात्र झकास बसवल्यात. एक उघडून पाहिली, नुसत्या बोटानं फिरली. एवढ्या भोंगळ कारभारात कुणीतरी मन लावून काम केलंय. बरं वाटलं जरा.

खाली उतरताना मात्र एकच प्रश्न. तेवीस दुहेरी घरांत हे नसेल कशावरून?

३ एप्रिल

राकिया एजे दुहेरी घरांची यादी घेऊन आल्या. दोन प्रती. "एक नावांची आहे, एक नुसत्या क्रमांकांची," त्या म्हणाल्या. "कुठली हवी?"

मी म्हटलं, क्रमांकांची.

हे शहर केवढं! नावं वाचली की नाती निघतात. हा तमक्याचा मेहुणा, तो अमक्याच्या वर्गातला. मग फोन येतात, मग कुणीतरी मेंढीचं मांस घेऊन दारात उभं राहतं. नाव माहीत नसलेलंच बरं. या घरात तरी दुसरं काय करते मी? सुनेनं दिरांची नावं घ्यायची नसतात. तेरा वर्षं 'मोठे', 'मधले', 'धाकटे' म्हणत निभावलंय. नावांवाचून यादीही निभावेल.

राकिया एजेंनी नावांची प्रत पिशवीत घातली. "शहाणी आहेस," म्हणाल्या.

चौदाव्या ओळीवर बासष्ट.

एकदा खरेदी-करार क्रमांक ४०. तो जाझगुलचा, मला पाठ आहे. आणि एकदा तडजोड-करार क्रमांक ३१, डिसेंबर २०१७.

४ एप्रिल

जाझगुलला फोन केला. काय सांगणार? म्हटलं, शेवटचा हप्ता जरा लांबव.

"अगं एजे, तो तर गेल्या आठवड्यातच भरला! सगळे एकदम भरले तर पाच टक्के सूट होती. आता मी मोकळी! नोव्हेंबरात येतेच बघ कायमची. पडदे पण घेऊन ठेवलेत, निळे. डोंगर दिसतो ना गं तिथून?"

दिसतो म्हटलं.

"तुझा आवाज का असा?"

सर्दी झालीय म्हटलं. फोन ठेवला आणि बँकेच्या स्वच्छतागृहात जाऊन रडले. तोंड धुऊन परत टेबलाशी बसले तर शेजारची म्हणते, "एवढी सर्दी? आलं घाल चहात."

६ एप्रिल

कोण असेल हा एकतीस नंबरवाला? दिवसभर त्याला शिव्या घालतेय. ढेरपोट्या, सोन्याचे दात, दोन मोटारी आणि चार घरांचे कागद खिशात! माझी बहीण भांडी घासतेय, आणि हा फुकटात डोंगर बघणार!

१० एप्रिल

झोप नाही, भूक नाही. एने रोज निखाऱ्यावर अर्चाचा पाला जाळून धूर फिरवताहेत माझ्यावरून, दृष्ट लागली म्हणून.

पेच असा आहे. मी 'कर्ज देऊ नका' लिहिलं तर बांधकाम थांबतं आणि कुणालाच घर मिळत नाही. 'द्या' लिहिलं तर इमारत पुरी होईल, पण बासष्टला दोन मालक. दोघं कोर्टात जाणार. जाझगुल कोर्टात काय टिकणार? वकिलाला द्यायला तिच्याकडे निळे पडदे आहेत.

राकिया एजेंना फोनवर सहज विचारल्यासारखं विचारलं, हे तडजोडवाले लोक, म्हणजे समजा एकतीस नंबरवाला, कसे आहेत? गप्प बसतील का?

"मोठे आहेत ते बोंबलतील," त्या म्हणाल्या. "पण दुहेरी घरं मोठ्यांना दिलीच नाहीत गं. ती लहान माणसांना दिली. कारागीर. आता तुझा एकतीस नंबरच घे—"

"नाव नको," मी म्हटलं.

"नाही सांगत. साधा माणूस आहे एवढंच. रोख मिळेल का म्हणून दोन वर्षं खेटे घातले. शेवटी बिचारा म्हणाला, बरं, घर तर घर."

सोन्याचे दात गेले. शिव्या देणंही अवघड करून ठेवलं बाईनं.

१३ एप्रिल

कारागीर असला तरी धंदा करणारा माणूस आहे. त्याला धोका कळत होता. कागद घेताना डोळे उघडे ठेवायला हवे होते. जाझगुलनं घामाचे पैसे मोजलेत. त्यानंही घामाचाच माल दिला असेल—

नको. हा विचार इथेच पुरे.

१६ एप्रिल

लिहिला अहवाल. एकोणीस पानं. पाच वर्षांचा तक्ता, डिसेंबरचे खड्डे, तेवीस दुहेरी घरं, सगळं खरं लिहिलं. शेवटी शिफारस: कर्ज द्यावं, पण अटीवर. दुहेरी घरांबाबत पुरवठादारांचे तडजोड-करार आधी रद्द करावेत. त्यांची रक्कम पुन्हा अल्पमुदतीच्या देण्यांत धरावी. आणि बँकेचं कर्ज फिटेपर्यंत ती चुकती करू नये.

म्हणजे वर्षानुवर्षं 'येत्या बारा महिन्यांत'. त्या रकान्याची ताकद मला आता पुरती कळलीय.

शब्द सगळे कायद्याचे आहेत. कारण दिलंय तेही पटण्यासारखं. पण प्रत्येक ओळ लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे एकच घर होतं, हे या वहीला सांगायला हरकत नाही.

२५ एप्रिल

कर्ज-समितीनं मान्य केलं! शब्दही न बदलता! वेनेरा सादिरोव्ना म्हणाल्या, "तुझा 'का' आवडला मला." नंतर जिन्यात थांबून म्हणाल्या, "एक सांग, ते तडजोडवाले तेवीस लोक पाहिलेस का गं तू?"

"क्रमांक पाहिले."

त्यांनी मान हलवली आणि खाली गेल्या. काय अर्थ काढायचा? जाऊ दे. जाझगुलचं घर वाचलं. दोन महिन्यांत आज पहिल्यांदा पोटभर लगमान खाल्लं. मैरामबेक बघतच राहिला. "आलीस का परत?" म्हणाला.

१६ मे

तोगुझ-उयानं तेवीस रद्दपत्रांवर सह्या केल्या, प्रत आमच्याकडे आली. राकिया एजेंचा फोन, "शुक्रवारी टपालात टाकते, सोमवारी पोचतील. देव तुला माफ करो आणि मलाही." मला का? मी तर क्रमांकांचं काम केलं.

शनिवारी माझा वाढदिवस. मैरामबेक आणि एने दोघंही माझ्यापासून काहीतरी लपवताहेत. स्वयंपाकघरात गेले की गप्प होतात. मेंढी सांगितली असणार मोठी. पैसे कुठून आणणार आहे हा माणूस?

१९ मे, शनिवार

आज चाळीस पूर्ण. मोठे, मधले, धाकटे, त्यांच्या बायका, सगळे जेवायला. बेशबर्माक खाऊन झालं आणि मैरामबेक पेला घेऊन उभा राहिला. "दोन वर्षं हिच्याशी खोटं बोललो," म्हणाला. "तोकमोकला शाळा-बिळा काही नाही. खरं सांगितलं असतं तर हिनं मला गाढव म्हटलं असतं. तसं न सांगताच म्हणून झालंय!" सगळे हसले. त्यानं कागद माझ्या हातात दिला. "घे सैकाल. तुझं स्वतःचं स्वयंपाकघर. सकाळचं ऊन. खिडक्या मीच बसवल्यात."

तडजोड-करार क्रमांक ३१.

एनेंनी तळवे उघडून आशीर्वाद दिला. सगळे विचारत होते— कितवा मजला? कितवा मजला?

पत्र सोमवारी येईल.